हिऱ्याची धार आणि सरळ काप

(हीरकमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरकमहोत्सवाच्या व्याख्यानात हिरा यावा हे ओघाने आलेच. पण आजच्या विषयातला हिरा कोंदणात बसत नाही आणि चमकतही नाही. तो भुरकट असतो, बारीक वाळूच्या कणाएवढा असतो आणि पोलादी चकतीच्या कडेत गाडलेला असतो. ही चकती एका लोखंडी पेटीत तेलाला स्पर्श करत फिरते आणि अकीक, जास्पर, स्फटिक अशा कठीण दगडांचे पातळ काप पाडते. रत्नपाषाण कापण्याच्या व घासण्याच्या या कलेला इंग्रजीत लॅपिडरी म्हणतात; आपल्याकडे मणिकार हा त्यासाठी जुना शब्द आहे. आजचा विषय अशा यंत्राचा, म्हणजे दगड-करवतीचा. आणि तोही नव्या करवतीचा नव्हे, तर बनून पन्नास-साठ वर्षे झालेल्या, गंजून पडलेल्या करवतीला पुन्हा चालती करण्याचा.

शाळेच्या समारंभात असा विषय कशाला, अशी शंका एखाद्या पालकाच्या मनात येईल. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले आणि त्रिभुवनदास गज्जरांसारख्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती ते सोपवले, त्या बडोद्यात हाताच्या विद्येचे समर्थन वेगळे करण्याची गरज पडू नये. दुसरे कारण भूगोलाचे. येथून थोड्याच अंतरावर खंबायत आहे, आणि अकिकाचे मणी घडवण्याचा धंदा तेथे आजही पिढ्यानुपिढ्या चालतो. त्या धंद्यातल्या एका दुःखद गोष्टीपाशी हे व्याख्यान पुढे येणारच आहे.

प्रथम दगडाविषयी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्या लाव्हातील वायूंचे बुडबुडे जेथे अडकले तेथे पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि आतल्या भिंतीवर वलयामागून वलय साचत गेले. असा हा अकीक. काळा कातळ झिजला तरी अकीक झिजत नाही. नद्यांनी तो वाहून आणला आणि राजपिपळ्याजवळच्या रतनपूर भागात त्याचे गोटे प्राचीन काळापासून खणून काढले जातात. बाहेरून पाहिले तर गोटा म्हणजे मातकट बटाटा. आत काय आहे हे कापल्याशिवाय कळत नाही. आणि चुकीच्या दिशेने कापला तर वलये दिसायची ती दिसत नाहीत, नुसता राखाडी डाग दिसतो. फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञाने 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची जी मोजपट्टी मांडली, तिच्यात स्फटिकवर्गाचा क्रमांक 7 आहे. घरातली सुरी साडेपाचाच्या आसपास येते. म्हणजे सुरीने अकिकावर ओरखडा उठत नाही. उलट अकीकच सुरीवर ओरखडा काढतो.

मग हा दगड आजवर कापला कसा? खंबायतचा कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरतो आणि म्हशीच्या शिंगाचे डोके बसवलेल्या हातोडीने हलकेच ठोकतो. आघात खालच्या टोकातून दगडात शिरतो आणि हवी तेवढीच कपची उडते. भोक पाडायला कमानीने फिरणारा, टोकाला हिऱ्याचे कण बसवलेला गिरमिट. लोथलच्या उत्खननात मणिकारांच्या कारखान्याचे अवशेष सापडले आहेत, तेव्हा या भागातली ही विद्या चार हजार वर्षांहून जुनी आहे. युरोपात जर्मनीतील इडार-ओबरस्टाइन हे या धंद्याचे केंद्र. तेथे ओढ्याच्या पाण्यावर माणसाहून उंच वालुकाश्माची चाके फिरत आणि कारागीर लाकडी घोडीवर पालथे पडून, पायाने रेटा देत, दगड त्या चाकाशी भिडवत. छायाचित्रे पाहिली तर आधी तो छळाचा प्रकार वाटतो. स्थानिक अकीक आटल्यावर एकोणिसाव्या शतकात ब्राझीलचा अकीक जहाजाने तेथे येऊ लागला.

करवतीचा इतिहास त्या मानाने अलीकडचा. 1891 साली एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाला विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड मिळाले. हे कार्बन व कोरंडम यांचे संयुग असावे असे त्याला प्रथम वाटले, आणि ते दोन शब्द जोडून त्याने त्याला कार्बोरंडम हे नाव दिले. यातला कोरंडम हा शब्द मूळचा आपल्याकडचा. तमिळमधून तो युरोपात गेला आणि मराठीतला कुरुंद त्याच कुळातला. या भुकटीचा चिखल करून त्यात साधी पोलादी चकती फिरवायची आणि चिखलातल्या कणांकडून दगड झिजवून घ्यायचा, अशी 'चिखल-करवत' बरीच वर्षे वापरात होती. ती चाले, पण संथ. आणि दुकानभर राड. पुढे चकतीच्या कडेला खाचा पाडून त्यांत हिऱ्याची भुकटी ठोकून बसवण्याची रीत आली. डिसेंबर 1954 मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि काही वर्षांत उद्योगाला लागणारी हिऱ्याची भुकटी कारखान्यात बनू लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियापासून ओरेगॉनपर्यंतच्या पश्चिम भागात, सुट्टीच्या दिवशी वाळवंटात जाऊन दगड गोळा करण्याचा छंद विलक्षण फोफावला. 1947 साली 'लॅपिडरी जर्नल' हे नियतकालिक निघाले, त्याच वर्षी खनिजप्रेमी मंडळांचा देशव्यापी संघ स्थापन झाला. हायलँड पार्क, कोव्हिंग्टन अशा नावांच्या कंपन्या घरगुती छंदिष्टांसाठी करवती बनवू लागल्या. गिऱ्हाईक गिरणीकामगार, शिक्षक, निवृत्त टपालवाला असा असे. म्हणून यंत्र साधे, जाड पत्र्याचे, आणि कोणालाही उघडून पाहता येईल असे. पुढे ती पिढी वृद्ध झाली. आज या करवती बहुतेक वेळा सापडतात त्या कोणा आजोबांच्या मोटारखान्यात: झाकणावर रंगाचे डबे रचलेले, पट्टा तुटून लोंबणारा, आणि पकडीत एखादा अर्धवट कापलेला दगड तसाच राहिलेला. हा अर्धा दगड पुष्कळांना यंत्र भंगारात देऊ देत नाही. जीर्णोद्धार करणाऱ्यांपैकी अनेकांचा पहिला हेतू तेवढाच असतो, तो दगड पुरा कापावा.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. खाली पोलादी टाकी, तीत तेल. टाकीच्या आरपार एक शाफ्ट. त्यावर दोन जाड तबकड्यांच्या मध्ये घट्ट आवळलेली हिऱ्याची चकती. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला पुली, पट्टा आणि मोटार. चकतीला समांतर अशा दोन रुळांवर एक गाडा सरकतो. गाड्यावर दगड पकडणारा व्हाइस. गाडा पुढे ओढायला एकतर दोरीला टांगलेले वजन, नाहीतर सावकाश फिरणारा लांब आटेदार दांडा आणि त्याला धरणारा अर्धा नट. एक काप झाला की व्हाइस आडवा सरकवून पुढच्या कापाची जाडी ठरवायची. वर बिजागरीचे झाकण. बस्स, एवढेच. शिलाई यंत्र उघडून साफ करणाऱ्या गृहिणीला ही रचना दहा मिनिटांत समजेल.

जीर्णोद्धाराची सुरुवात चिखलापासून होते. वर्षानुवर्षे कापलेल्या दगडाची भुकटी तेलात बसून टाकीच्या तळाशी घट्ट लगद्यासारखी साचलेली असते. हा लगदा खरवडून काढावा, पण मोरीत टाकू नये. नळ तर तुंबतोच, शिवाय तेल गटारात जाते. तो जाड कागदी पिशव्यांत भरून टांगून ठेवला की तेल झिरपून खाली येते आणि पिशवीत सुका चिखल उरतो. ही युक्ती जुन्या छंदिष्टांची आहे आणि तिच्याहून चांगली अजून निघालेली नाही. उरलेला गोळा पूर्ण सुकून त्याची धूळ होऊ देऊ नये, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

नंतर रंग आणि गंज. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव मोठा; अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती 1978 साली. त्यामुळे कोरड्या सॅंडपेपरने रंग घासणे हा अविचार होय. रंग ओला ठेवूनच खरवडावा. गंजाला विजेचा उपाय फार सोयीचा. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा, गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडून दोन्ही एकमेकांना न लागतील असे बुडवायचे. रात्रभरात गंज सुटा होतो. टाकीला तर वेगळे भांडेही लागत नाही. टाकीतच सोड्याचे पाणी भरून मध्ये लोखंडाचा तुकडा अधांतरी टांगला की काम होते. तीन पथ्ये मात्र कडक. टोके उलटी लावली तर चांगला भागच झिजतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधी लावू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. आणि हे सारे उघड्यावर करावे, कारण यात हायड्रोजन वायू निघतो. बाहेर काढलेला भाग लगेच धुऊन, पुसून, तेलाचा हात द्यावा. नाहीतर चहा घेऊन येईपर्यंत तांबूस थर पुन्हा चढलेला असतो.

टाकी गळते का हे पाहण्याची एक जुनी कारखानी रीत आहे. बाहेरून सांध्यांवर खडूचा हात द्यायचा, आतून रॉकेल लावायचे. पाण्याला न सापडणारी फट रॉकेलला सापडते आणि पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटतो. पाहणी झाली की रॉकेल पुरते पुसून काढायचे, आणि पुसलेल्या चिंध्या कोपऱ्यात न टाकता उघड्यावर पसरून वाळवायच्या.

येथपर्यंतचे काम दिसायला मोठे, समाधान देणारे, आणि खरे सांगायचे तर दुय्यम. पुष्कळ हौशी लोक येथेच थांबतात. टाकी घासून पुसून मूळच्या हिरव्या-राखाडी रंगात रंगवली, कंपनीची पितळी पट्टी लखलखीत केली, छायाचित्र काढले, की जीर्णोद्धार झाला असे त्यांना वाटते. करवतीची खरी दुरुस्ती डोळ्याला दिसत नाही. ती गेजवर दिसते.

शाफ्ट आणि बेअरिंग हा तिचा पहिला भाग. चकती काढताना नट कोणत्या बाजूने सुटतो हे आधी पाहावे. काही करवतींत तो डाव्या आट्यांचा असतो आणि नेहमीच्या सवयीने जोर लावणारा आटे मोडून बसतो. बेअरिंग हातोडीने ठोकून काढू नये, पुलरने ओढून काढावे. तेलात मिसळलेली दगडाची भुकटी बेअरिंगमध्ये शिरलेली असेल तर हाताने फिरवताना वाळू चावल्यासारखे जाणवते. अशा बेअरिंगला ग्रीस भरून काही साधत नाही, ते बदलावेच लागते. येथे भारतातल्या दुरुस्तीकाराला एक अडचण येते. अमेरिकन शाफ्ट इंचात असतो. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, आणि दुकानदार सहज देतो ते बेअरिंग 25 मिलिमीटरचे. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर, म्हणून शाफ्ट घासून बसवण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याच घरात बसणारे एक इंची भोकाचे बेअरिंगही मिळते, फक्त त्याचा क्रमांक माहीत असावा लागतो: यूसीपी 205 ऐवजी यूसीपी 205-16.

मोटारीच्या बाबतीतही असाच देशांतराचा प्रश्न. अमेरिकेची वीज सेकंदाला 60 आवर्तनांची, तिच्यावर अशी मोटार मिनिटाला सुमारे 1725 फेरे घेते. आपली वीज 50 आवर्तनांची, तीच जात येथे सुमारे 1440 फेरे घेते. समजा मोटारीची पुली अडीच इंची आणि शाफ्टची पाच इंची आहे. अमेरिकेत चकती मिनिटाला साधारण 860 फेरे घेईल, येथे 720. चकती मंद फिरली की दगडाचा रेटा तिला सोसत नाही. उपाय स्वस्त आहे. मोटारीवर तीन इंची पुली बसवली की 1440 गुणिले 3 भागिले 5, म्हणजे 864. सातवीच्या मुलाला हे व्यस्त प्रमाणाचे गणित पुस्तकात नीरस वाटते. पट्टा आणि पुली हातात घेऊन सांगितले तर वाटत नाही. चकती मोठी तेवढे फेरे कमी, हेही त्याच गणितातून निघते, कारण महत्त्व असते ते कडेच्या वेगाला.

आता या साऱ्या कामाचे मर्म. गाडा ज्या रेषेत सरकतो ती रेषा आणि चकतीचे प्रतल एकमेकांना समांतर असले पाहिजे. अठरा इंची चकतीची जाडी साधारण दोन मिलिमीटर असते. एवढ्या मोठ्या, एवढ्या पातळ तबकडीच्या कडेशी दगड किंचित तिरका येत राहिला तर ती दगड कापता कापता स्वतः वाकते. प्रथम कापावर कमानीसारखे ओरखडे दिसतात. मग चकतीला बशीसारखा खोलगटपणा येतो. आणि हिऱ्याची महागडी चकती एकदा बशी झाली की ती पूर्ववत सपाट करणे फार थोड्यांना साधते. जुन्या करवतीवर नवी चकती चढवून पहिल्याच दिवशी ती बिघडवणारे लोक चकतीच्या दर्जाला दोष देतात. दोष गाड्याचा असतो.

हे समांतरपण तपासण्याची रीत मोठी सुंदर आहे. गाड्यावर डायल गेज बसवायचा. चकतीच्या कडेजवळ पेनने एक ठिपका करायचा. ठिपका पुढच्या बाजूला आणून गेजचे टोक त्याला लावायचे आणि काटा वाचायचा. मग चकती हाताने फिरवून तोच ठिपका मागच्या बाजूला न्यायचा, गाडाही मागे सरकवायचा, आणि गेज पुन्हा त्याच ठिपक्यावर टेकवायचा. तोच ठिपका का? चकतीत मुळात थोडा डगमग असला तरी एकाच बिंदूवर दोन्ही मापे घेतल्याने तो दोन्हीकडे सारखाच येतो आणि वजा होतो. उरतो तो केवळ गाड्याचा तिरकेपणा. दोन्ही मापांत एक दशांश मिलिमीटरहून अधिक फरक राहू देऊ नये. फरक असेल तर शाफ्टच्या एका टोकाच्या बेअरिंगचे बोल्ट ढिले करून ते केसभर पुढे-मागे सरकवायचे, पुन्हा आवळायचे, पुन्हा मोजायचे. आवळताना ते हटकून थोडे हलते. एक संध्याकाळ यात सहज जाते, कधी दोन. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, सुतार चौकटीला गुण्या लावतो, त्याच जातीचे हे काम. फक्त येथे चूक डोळ्याला दिसण्याच्या पलीकडची असते.

गाडा ओढणाऱ्या दांड्याचा अर्धा नट बहुधा झिजलेला असतो. तो लेथवर पितळेचा किंवा काशाचा नवा करून घ्यावा. दांड्यापेक्षा नट मऊ असावा, म्हणजे झिजायचे ते स्वस्त अंग झिजते. गाड्याच्या वाटेच्या शेवटी मोटार बंद करणारी कळ असते, ती चालते ना हे शाफ्ट रिकामा फिरवून दहा वेळा पाहावे.

जीर्णोद्धार म्हणजे जे होते तसे परत करणे, अशी एक समजूत आहे. देवळाच्या बाबतीतही ती पूर्ण खरी नाही. यंत्राच्या बाबतीत ती घातक ठरते. जुन्या करवतींचा पट्टा उघडा असे, तो झाकला पाहिजे. जुन्या तारांचे रबर वाळून तडकलेले असते आणि अर्थिंग नसतेच. नवी तीन पदरी केबल, पक्के अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांवर काटकसर करू नये. जुने लोक टाकीत रॉकेल किंवा डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण भरत. ते कापतही चांगले, पण त्याची वाफ लवकर पेटते आणि श्वासातून छातीत जाते. साध्या एकफेजी मोटारीत सुरू होताना आतल्या कळीची ठिणगी पडते. ती ठिणगी, रॉकेलची वाफ आणि बंद खोली यांची गाठ पडू देऊ नये. आज शुद्ध केलेले, सहज न पेटणारे पातळ खनिज तेल मिळते. ते चकतीची कड पाव ते अर्धा इंच बुडेल इतकेच भरावे, आणि मोटार पूर्ण बंदिस्त जातीची घ्यावी.

आणि धूळ. या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. अकीक, जास्पर, स्फटिक हे सारे सिलिका होय. त्याची अतिसूक्ष्म धूळ श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते, तेथे व्रण पडतात आणि फुप्फुस हळूहळू घट्ट होत जाते. हा सिलिकोसिस. झालेली हानी भरून येत नाही, त्यावर उतारा नाही. आणि अशा छातीला क्षयाची बाधाही सहज होते. खंबायतमध्ये हेच घडत आले आहे. हाताने घासण्याच्या जागी विजेच्या मोटारीवर फिरणारी कुरुंदाची चाके आली, काम वाढले आणि धूळ कितीतरी पटींनी वाढली. काम घराच्या ओटीवर, पाण्याविना, तोंडाला फार तर फडके बांधून. चाकावर बसणारा तर आजारी पडतोच. पण घरात वावरणारी बाई, अंगणात खेळणारे मूल, शेजारी, यांच्या श्वासातही तीच धूळ. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची पाहणी करून हा रोग नोंदवला आहे, धूळ ओढून घेणाऱ्या साधनांचे प्रयोगही झाले आहेत. गळ्यात लाल अकिकाची माळ घालणाऱ्याला त्या ओटीची कल्पना बहुधा नसते.

करवतीतले तेल वा पाणी केवळ चकती थंड ठेवण्यासाठी असते, हा समज म्हणूनच अपुरा. ते धुळीला जन्मतःच भिजवून खाली बसवते. झाकण केवळ शिंतोडे अडवण्यासाठी नसते. आत तेलाचे जे धुके तयार होते ते बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या कडेला नवी रबरी पट्टी लावावी, आणि काप संपल्यावर मोटार बंद करून काही मिनिटे झाकण उघडू नये. मुले जवळ उभी असतील तर हा नियम अधिक कडकपणे पाळावा, कारण आत काय निघाले हे पाहण्याची घाई त्यांनाच सर्वाधिक असते. दगडाची कड हातचाकावर कोरडी घासून 'जरा गोल करून घेणे' हा प्रकार तर कोणत्याही कारणाने करू नये. पाच मिनिटांचेच काम असले तरी पाण्याची धार सोडावी. रत्नपाषाणाचा छंद धरणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कार्यशाळेत पहिली खरेदी चकतीची न करता चांगल्या मुखवट्याची आणि पाण्याच्या नळाची करावी, हे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

पहिल्या कापाला कोणता दगड लावावा? आजोबांचा तो अर्धवट दगड नव्हे. त्यात जुन्या चकतीची खाच आहे. नवी चकती तिच्यात बरोबर बसेल याची खात्री नसते, आणि चकती खाचेच्या भिंतीला घासली तर पुन्हा बशीची भीती. तो दगड फिरवून नव्या बाजूने धरावा लागतो, पण तोही नंतर. आरंभी एखादा साधा, भेगा नसलेला जास्पर घ्यावा. व्हाइसच्या जबड्यात लाकडाच्या पाचरी घालून तो असा धरावा की हाताने हिसडा देऊनही हलू नये. कापता कापता दगड फिरला तर चकती गेलीच. चकतीवरचा बाण आणि फिरण्याची दिशा एक आहे ना, हे पाहावे. दगड चकतीला टेकवून यंत्र सुरू करू नये, थोडे अंतर ठेवून करावे. दगडाचा पृष्ठभाग उतरता असेल तर चकती घसरू पाहते, म्हणून पहिली खाच पडेपर्यंत गाडा अगदी सावकाश सोडावा.

नंतर ऐकत बसायचे. चार-पाच इंच रुंद दगडाला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. नीट चाललेल्या करवतीचा आवाज एकसुरी, तेलात भिजलेला असतो. तो चढत गेला तर चकतीची धार बोथट झाली आहे, हिऱ्याचे कण धातूत झाकले गेले आहेत. तेव्हा मऊ विटेत दोन-तीन काप घेतले की वरचा धातू झिजून नवे कण उघडे पडतात. मध्येच टणत्कार ऐकू आला तर लगेच मोटार बंद करावी आणि दगड सैल झाला आहे का ते पाहावे.

काप सुटून पडला की धुके बसेपर्यंत थांबावे. मग तो साबणाच्या पाण्याने धुवावा आणि ओला असतानाच उजेडात धरावा; ओल्या दगडात घासून चकाकी आणल्यावर दिसणारे रंग आधीच दिसतात. घरातली मंडळी तो हातोहाती फिरवत असतील तेव्हा दुरुस्तीकाराने शांतपणे व्हर्नियर कॅलिपर काढावा आणि कापाची जाडी चारही बाजूंना मोजावी. चारही मापे जुळली तर व्हाइस पाव इंच सरकवून पुढचा काप घ्यावा. एका बाजूला फरक आला तर झाकण उघडावे, गेज पुन्हा गाड्यावर बसवावा आणि चकतीवरचा तो पेनचा ठिपका तेलात पुसला गेला असेल, तो नव्याने करावा.